मावशींनी मागे ओढलेला काटा

मी एक जुनी पट्टी आहे. लगेच कंपासपेटी डोळ्यांसमोर आणू नका, मित्रांनो. त्या पेटीतल्या पट्ट्या माझ्या चुलत बहिणी. आम्ही एकाच कारखान्यात, एकाच पांढऱ्या प्लॅस्टिकमधून जन्मलो. त्यांच्या नशिबी भूमिती आली आणि मी गेले इस्पितळात. मी माणसांचं दुखणं मोजते.

हे ऐकून पुष्कळांना हसू येतं. दुखणं म्हणजे काही कापड नव्हे, की ताणून धरलं आणि मोजलं. पण माझी रचना अगदी साधी आहे. पुढच्या बाजूला एक लांब रेघ आहे. तिच्या डाव्या टोकाला छापलंय ‘अजिबात दुखत नाही’ आणि उजव्या टोकाला ‘याहून जास्त दुखूच शकत नाही’. रेघेवरून एक लाल काटा सरकतो. रोग्याने तो स्वतःच्या हाताने हवा तिथे न्यायचा. माझ्या पाठीवर शून्य ते शंभर आकडे आहेत. ते रोग्याला दिसत नाहीत, मला उलटी करून वाचणाऱ्याला दिसतात. म्हणजे पुढून मी भावना आणि मागून गणित. मोठ्या पदांवरची पुष्कळ माणसं अशीच बनवलेली असतात, हे मी पुढे पाहिलं.

माझी उमेदीची वर्षं हाडांच्या विभागात गेली. तिथे एका पैलवानाने काटा थेट शंभरावर नेला, तेव्हा इंजेक्शन अजून डब्यातच होतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी गुडघा बाजूला ठेवून, माझी रेघ किंचित तिरकी छापली असल्याची लेखी तक्रार दिली. एका आजीबाईंनी काटा उजव्या टोकाला टेकवला आणि विचारलं, “याहून लांब पट्टी नाही का रे तुमच्याकडे?” माझं कौतुकही फार होई. “ही पट्टी खोटं बोलत नाही,” असं डॉक्टर पाहुण्यांना सांगत. प्लॅस्टिकला जितकं फुगता येतं तितकी मी फुगत असे. पट्टी खोटं बोलत नसली, तरी काटा धरणारा हात बोलू शकतो, हे तेव्हा त्यांच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही.

मग इस्पितळात ॲक्युपंक्चरचा विभाग निघाला. अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचल्या तर दुखणं कमी होतं का, हे नीट तपासून पाहायचं मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं. कंबरदुखीने बेजार झालेली चाळीस माणसं घेतली. चिठ्ठ्या टाकून वीस जणांना खरी सुई दिली, वीस जणांना खोटी. खोटी सुई म्हणजे जादूगाराच्या सुऱ्याची धाकटी बहीण. कातडीवर टेकवली की तिचं टोक अंगात न जाता स्वतःच्याच मुठीत शिरतं. रोग्याला वाटतं, टोचली. यात फसवणूक नव्हती बरं का. ‘मला खोटी सुई मिळू शकते’ असं लिहिलेल्या कागदावर प्रत्येकाने सही केली होती. गुण सुईचा की नुसत्या विश्वासाचा, हे शोधायचं तर दुसरा मार्ग नाही.

कुणाला कुठली सुई, हे फक्त ती लावणाऱ्या बाईंना ठाऊक. माझी नेमणूक भिंतीपलीकडच्या खोलीत, नोंदवाल्या काकांच्या टेबलावर. काकांनी सुयांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, सुईवाल्या बाईंनी आमचे आकडे बघायचे नाहीत. कुणाचा कुणावर प्रभाव पडू नये, म्हणून. रोग्याला काय विचारायचं तेही काकांना छापून दिलं होतं: ‘गेल्या आठवड्यात कंबर किती दुखली, ते काटा सरकवून दाखवा.’ काका इतके नेमाचे, की ‘बसा’ म्हणायच्या आधीही कागदावर नजर टाकत.

आणखी एक नियम होता, आणि तो चांगला होता. कुणाचा काटा सत्तरच्या पुढे गेला, तर त्याला संशोधनातून काढून ताबडतोब नव्याने तपासायचं. वाढत जाणाऱ्या दुखण्याच्या मागे भलतंच काही दडलेलं असू शकतं.

त्या चाळिसांत एक मावशी होत्या. तीस वर्षं छापखान्यात वाकून पुस्तकं शिवलेल्या. बोटांना सुईचे घट्टे. पहिल्या दिवशी म्हणाल्या, “आयुष्यभर मी कागदाला टोचलं, आता माझी पाळी.” आणि काटा चौसष्टवर ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात त्या लेकीचा हात धरून आल्या. काका कोरे कागद आणायला बाहेर गेले होते.

“आई, झोपेतसुद्धा कण्हत होतीस,” लेक म्हणाली. “आज नीट दाखव.”

“हळू बोल. मघाशी पडद्याआडून ऐकलंस ना, मोठे डॉक्टर त्या सुईवाल्या पोरीला काय म्हणाले? आकडे उतरले नाहीत तर विभाग बंद. तिचं बाळ अजून पाळणाघरात जातंय.”

“मग त्याला तू काय करणार?”

“करणार म्हणजे? माझ्या पाठीला हात लावायच्या आधी ती स्वतःचे हात चोळून ऊन करते. छापखान्यात तीस वर्षं काढली, मालकाने एक धड खुर्ची दिली नाही.”

“अगं, ते औषध आहे. पाहुणचार नाही.”

“तू गप गं.”

काका आले. छापलेलं वाक्य म्हणाले. मावशींनी माझ्या काट्यावर बोट ठेवलं आणि तो सरळ अठ्ठ्याहत्तरवर नेला. तिथे बोट थरथरलं. ते थरथरणं खरं होतं, मित्रांनो. तेवढं मला कळतं, माझा सगळा जन्म त्यातच गेला आहे. मग त्यांनी लेकीकडे न बघता काटा मागे ओढला. काकांनी मला उलटी केली आणि लिहिलं, अठ्ठेचाळीस.

मला ओरडायचं होतं. पण पट्टीला तोंड देत नाहीत.

पुढच्या आठवड्यांत काटा चाळीसवर आला, मग तिसावर, मग चोवीसवर. मावशी मात्र दर खेपेला कमी कमी जागेत बसू लागल्या. एकदा काटा सरकवताना त्यांची अंगठी बोटातून आपसूक निसटली आणि टणकन माझ्यावर पडली. काकांनी ती उचलून परत दिली. कागदावर पुढचा प्रश्न होता, ‘इतर काही तक्रार?’ मावशी म्हणाल्या, “छे, काही नाही.” काकांनी लिहिलं, काही नाही.

त्या दिवशी सुईवाल्या बाई चहा घ्यायला आमच्या खोलीत आल्या. चमचा मिळेना, म्हणून त्यांनी चहा माझ्यानेच ढवळला. अपमान मी गिळला, चहासकट.

“काका, एक विचारू?”

“नको.”

“आकडा नाही विचारत. त्या मावशी मला म्हणतात, खूप बरं वाटतंय. पण पालथं होताना त्यांना दोन्ही हातांनी धरावं लागतं.”

“मग तुमच्या कागदावर लिहा.”

“माझ्या कागदावर त्याला रकाना नाही.”

काकांनी चहा बशीत ओतला. “माझ्याही नाही,” ते म्हणाले.

दोघांनी चहा संपवला. अर्धी गोष्ट भिंतीच्या अलीकडे होती, अर्धी पलीकडे, आणि भिंत विज्ञानाच्या भल्यासाठी होती. शंका आली तर कुणीही केव्हाही मोठ्या डॉक्टरांना कळवावं, असंही नियमांत स्वच्छ लिहिलेलं होतं. तेराव्या पानावर. काकांना पहिली बारा पाठ होती.

आठव्या आठवड्यात शेवटची मोजणी होती. लेकीने मावशींना जवळजवळ उचलूनच खुर्चीत बसवलं. काटा सरकवायला त्यांना दोन बोटं लागली. तो डाव्या टोकाजवळ जाऊन थांबला.

“आई!” लेक ओरडली. “काका, हे खोटं आहे. ती दोन दिवस जेवलेली नाही.”

“नातेवाइकांनी मोजणीत बोलायचं नाही,” काका म्हणाले.  पण मग ते मावशींकडे वळले आणि छापलेलं नसलेलं वाक्य पहिल्यांदाच बोलले, “मावशी, नक्की ना?”

“नक्की,” मावशी हसून म्हणाल्या. “त्या पोरीच्या हाताला गुण आहे हो. लिहा तसं.”

अकरा. काकांनी लिहिलं. त्यांची लेखणी कागदावर जरा वेळ टेकून राहिली, त्यामुळे दुसऱ्या एकाचा ठिपका झाला. मग त्यांनी कागद फायलीत घातला.

चार महिन्यांनी सगळ्यांची मोजणी संपली आणि कुणाला कुठली सुई ते लिहिलेली बंद पाकिटं उघडली. बैठक आमच्याच खोलीत झाली, कारण इस्पितळात न डुगडुगणारं टेबल तेवढं एकच होतं. खऱ्या सुईचा गट सरासरी तेवीस घरं उतरला होता. खोट्या सुईचा बावीस.

“म्हणजे फरक नाहीच,” मोठे डॉक्टर म्हणाले. “सगळ्यात जास्त गुण कुणाला आला?”

काकांनी नोंद पाहिली. “पुस्तकं शिवणाऱ्या मावशींना. त्रेपन्न घरं.”

“आणि सुई?”

उत्तर सुईवाल्या बाईंनी दिलं, खाली मान घालून. “खोटी. एकदाही टोचली नव्हती.”

तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलं असेल. खोट्या सुईच्या गटातला आकडा जितका खाली, तितकी खरी सुई लंगडी. ज्या पोरीची नोकरी राहावी म्हणून मावशींनी काटा मागे ओढला, तिच्याच विरुद्ध तो मोजला गेला. एका आकड्याने विभाग बुडत नाही, हेही खरं. बाकीच्या एकोणचाळिसांत आणखी कुणी कुणी भीड राखली होती, ते काट्यावरच्या बोटांवरून मला थोडंफार माहीत आहे. पण बैठकीत पट्टीचं मत घेण्याची पद्धत नाही. महिनाअखेरीस विभाग बंद झाला. सुईवाल्या बाईंच्या खोलीत आता चाक निखळलेल्या खुर्च्या ठेवतात.

एक काम मात्र उरलं होतं. सहा महिन्यांनी प्रत्येकाला फोन करून विचारायचं. काकांना कमी ऐकू येई, म्हणून ते फोन मोठ्या आवाजात लावत. मावशींच्या घरी लेकीने उचलला. काकांनी छापील वाक्य सुरू केलं.

“आई गेली, काका,” ती म्हणाली. “पाच आठवडे झाले.”

 कागदावर पुढचं वाक्य नव्हतं.

“मणक्यात गाठ होती. पसरलेली. दुसऱ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, दुखणं वाढायला लागलं तेव्हाच आणायला हवं होतं. काही करता आलं असतं. निदान इतके हाल झाले नसते.” मग म्हणाली, “एक विचारायचं होतं. शेवटी शेवटी आई सारखी विचारायची. ती सुईवाली पोरगी आहे ना अजून कामावर?”

काकांनी भिंतीकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही नोंद खोटी केली नव्हती.

“आहे,” ते म्हणाले. “आहे की. मजेत आहे.”

“बरं झालं,” लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

काकांनी रकान्यात लिहिलं: मृत्यू, सुईशी संबंध नाही. मग त्यांनी मला उचललं, माझा काटा स्वतःच्या बोटाने सरकवला, आणि मला उलटी करून न बघताच खणात टाकलं.

मी अजून तिथेच आहे. सोबतीला सुकलेली पेनं आणि ताण गेलेले रबर. बाहेर आता दुखणं पडद्यावर मोजतात. त्यावर सहा गोल चेहरे असतात, त्यातला हवा तो दाबायचा. पहिला हसरा आहे. पुष्कळ जण तोच दाबत असतील, अशी मला भीती वाटते.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुम्हाला कुणी ‘किती दुखतंय’ असं विचारलं, तर तेवढंच सांगा. विचारणाऱ्याचा चांगुलपणा, त्याचं बाळ, त्याची नोकरी, यांचा हिशेब आपल्या दुखण्यात धरू नका. त्याचे आभार मानायचे तर तोंडाने माना, पत्र लिहा, त्याच्या साहेबांशी भांडा. आणि मोठेपणी विचारणारे तुम्ही झालात, तर आकडा वाचून झाल्यावर क्षणभर समोरच्या माणसाकडे बघा. तो सांगतोय एक आणि दिसतंय दुसरं, असं वाटलं, तर तसं लिहा. रकाना नसेल, तर कागदाच्या कडेला लिहा. तिथे जागा असते. मी मोजलेली आहे.