तुमच्या जवळची ठिकाणं

"संगुमुनै. सं-गु-मु-नै. इस्पितळ," जेसिंता फोनला म्हणाली, बहिऱ्या माणसाला सांगावं तशी, आणि पडद्यावर फिरणाऱ्या ठिपक्याकडे बघत राहिली.

ठिपका थांबला. संगुमाल, फोनने उत्तर दिलं. शून्य पूर्णांक नऊ किलोमीटर. आत्ता गर्दी नाही. खाली रामेश्वरमच्या, त्यांच्याच वस्तीच्या किनाऱ्याचा फोटो होता आणि त्यात तिच्या चुलतसासऱ्याची होडी उलटी पडलेली दिसत होती.

ही चौथी वेळ होती. तिने फोन तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला, दोन श्वास घेतले आणि पुन्हा उचलला. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

परवा पहाटे पलीकडच्या, लंकेच्या नौदलाने तिच्या नवऱ्याची, सवरिमुत्तुची बोट ओढून नेली. बोटीवर सहा जण होते. काल संध्याकाळी मच्छीमार संघाकडे पाच नावं आली, कोर्टात उभे केलेल्यांची. सहावं, तिच्या नवऱ्याचं, त्यात नव्हतं. आज सकाळी संघाच्या माणसाने फोनवर बोललेला निरोप पाठवला: सवरिमुत्तुच्या हाताला तार लागलीय, जखम चिघळलीय, ताप आहे, संगुमुनैच्या बाजूला कुठल्याशा इस्पितळात ठेवलंय, काळजी नसावी.

काळजी नसावी. जेसिंताच्या पदराला पिवळं कार्ड पिनने लावलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी रामनाथपुरमच्या दवाखान्यात अशाच एका जखमेवर सवरिमुत्तुला इंजेक्शन दिलं होतं. पाच मिनिटांत त्याचे ओठ सुजले, मग घसा, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. वाचला तो डॉक्टर दारातच होता म्हणून. त्या डॉक्टरने कार्डावर लाल शाईने लिहिलं होतं, पेनिसिलिन आणि त्या जातीचं कुठलंही औषध कधीही नाही. पुढच्या वेळी जास्त जोरात येईल, असंही तो म्हणाला होता. सवरिमुत्तुला ते नाव पाठ झालं नाही. कुणी विचारलं तर तो सांगायचा, मला काही होत नाही, समुद्राचं पाणी प्यालेला माणूस आहे मी.

चिघळलेल्या जखमेवर काय देतात, हे तिला ठाऊक होतं. मंडपमच्या कोळंबी-बीज केंद्रात ती बारा वर्षं पाणी तपासत होती. औषधांची नावं तिला परकी नव्हती.

मत्स्य खात्याच्या कार्यालयात सकाळीच तिने कार्डाची प्रत दिली होती. तिथल्या माणसाने ती नीट वाचली, टाचणी लावली आणि म्हणाला, "लंकेला जायच्या पत्राबरोबर जाईल." पत्र कधी जाईल? "सोमवारी." आज शनिवार होता.

तिने फोनमध्ये लंका हा शब्द घातला. मदुरैहून लंका, चार रात्री पाच दिवस, नाश्ता धरून. तिने मन्नार घातलं. पलीकडचं मोठं गाव ते, संगुमुनै त्याच्याच आसपास असणार. पण मन्नार हे इथल्या समुद्राचंही नाव, आणि बेटावरच्या निम्म्या पाट्यांवर तेच. मन्नार मेस, मासळीचं जेवण, दोन किलोमीटर, आत्ता उघडं आहे. मन्नार लॉज. मन्नार मोबाइल दुरुस्ती. त्याखाली बारीक अक्षरात: तुमचं ठिकाण सांगितलंत तर आणखी चांगली उत्तरं देता येतील.

"माझं ठिकाण मला ठाऊक आहे," जेसिंता दात आवळून म्हणाली. "मी विचारलंय का ते?"

"कुणाशी भांडतेयस?" दारातून पिलोमिना आत आली. ही सवरिमुत्तुची धाकटी बहीण, तीन घरं सोडून राहायची. तिच्या हातात कागद होता आणि काखेत घडी केलेली सतरंजी. पकडलेल्यांना सोडवावं म्हणून बारा वाजता बेटावरच्या सगळ्या बायका पुलाच्या तोंडाशी रस्त्यावर बसणार होत्या.

"ह्याच्याशी. इस्पितळ विचारतेय, तर मेस दाखवतोय."

"जावई असेल तो कुणाचा. काहीही विचारा, आधी जेवणाचं बघतो." पिलोमिनाने वाकून पडद्यावर नजर टाकली. "आणि त्या मेसचं कालवण पाण्यासारखं असतं, तेही सांगावं की ह्याने." मग वहिनीचं तोंड बघून तिने थट्टा आवरली. कागद पुढे करून म्हणाली, "सही कर. कलेक्टरला द्यायचाय. चौथी ओळ तू सकाळी सांगितलीस तशीच घातलीय बघ. आमची माणसं आमच्याच हद्दीत होती, त्यांना आत घुसून पकडून नेलं."

"ठेव तिथे."

"वहिनी, बायका थांबल्यात."

"थांबू देत. आधी हे."

पिलोमिना भिंतीला टेकून बसली. जेसिंताने फोनची ठिकाण ओळखण्याची सोय बंद केली. तरी संगुमाल. सगळं पुसून पुन्हा विचारलं. तरी संगुमाल, आणि वर उपदेश: तुम्हाला हेच म्हणायचं होतं ना? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या दुनियेची माहिती पोटात घेऊन बसलेलं हे यंत्र, आणि तिला तिच्याच अंगणात गोल गोल फिरवत होतं. जे तिला उंबऱ्यातून दिसतं तेच पुन्हा पुन्हा दाखवत होतं, वर ते किती जवळ आहे हे कौतुकाने सांगत होतं.

किती जवळ. तिचा अंगठा थांबला.

केंद्रातलं खारेपण मोजायचं यंत्र रोज सकाळी आधी शुद्ध पाण्यात बुडवून शून्यावर आणावं लागे. शून्य चुकलं की पुढचे सगळे आकडे चुकत, आणि यंत्राला ते कधीच कळत नसे. ह्याचंही तेच होतं. हे सगळं तिच्या घरापासून मोजत होतं. नाव सांगून ते हलणार नव्हतं. त्याचं शून्यच उचलून पलीकडे ठेवायला हवं होतं, आणि त्यासाठी नाव नको, आकडे हवे होते.

ती उठली आणि संत अंतोणियारच्या तसबिरीमागे हात घातला.

"वहिनी." पिलोमिना ताठ बसली. "ती वही नको. दादाला कळलं तर घर डोक्यावर घेईल."

बोट चालवणाऱ्या प्रत्येक तांडेलाकडे अशी एक वही असते. बोटीवरचं जागा दाखवणारं यंत्र बंद पडलं तर हाताशी असाव्यात म्हणून मासळीच्या जागांचे अक्षांश-रेखांश त्यात उतरवलेले असतात. ती कुणी कुणाला दाखवत नाही, सख्ख्या भावालाही नाही. बायकोचा हात लागला तर मासळी जागा सोडते, असं सवरिमुत्तु म्हणायचा. अठरा वर्षांच्या संसारात जेसिंताने त्या तसबिरीवरची धूळसुद्धा वहीला धक्का न लावता पुसली होती.

"घर डोक्यावर घ्यायला तो आधी घरी यायला हवा," ती म्हणाली.

हद्दीजवळची एखादी जागा मिळाली तरी पुरे, एवढीच तिची अपेक्षा होती. तिथून पूर्वेला सरकत गेलं की किनारा लागेल. पहिल्या पानांवरच्या जागांना संतांची नावं होती आणि त्यावर रेघा मारलेल्या होत्या. त्या संपलेल्या जागा होत्या. मग एक कोरं पान. त्यानंतर दर पानावर एकच नाव, पुढे क्रमांक. जेसी १. जेसी २. जेसी ३. तिला जेसी म्हणणारा जगात एकच माणूस होता.

क्षणभर तिचे डोळे भरून आले. मग तिने आकडे वाचले.

बत्तीसच्या पुढे आपलं नाही, हे बेटावरचं शेंबडं पोरही सांगतं. रेखांश एकोणऐंशी अंश बत्तीस मिनिटं, तिथे हद्दीची रेषा. जेसी १ एकोणऐंशी-अडतीसवर होती. जेसी ४ त्रेचाळीसवर. जेसी ९, सगळ्यात ताजी, निळ्या शाईची, एकोणऐंशी-अठ्ठेचाळीस. तारखा सहा वर्षांपासूनच्या होत्या. सहा वर्षं दर वेळी निघताना तो ह्याच तसबिरीवर हात ठेवून तिला सांगत आला होता की रेषेपलीकडे तो बोटीचं टोकसुद्धा नेत नाही.

"काय लिहिलंय?" पिलोमिनाने विचारलं.

"आकडे."

तिने नववीचे आकडे फोनमध्ये घातले. एक चुकला, पुसून पुन्हा घातला. पडदा निळा झाला. मग फोनने बिनबोभाट तिला सत्तावन्न किलोमीटर पलीकडे नेऊन ठेवलं. निळ्या पाण्यात लाल टाचणी, आणि तिच्या खाली, अगदी खाली, किनारा. तिने नखाने अंतर मोजलं. दीड किलोमीटरही नव्हतं.

तिथून तिने विचारलं. संतिआगो चर्च. बर्फाचा कारखाना. होडीवाल्यांची सोसायटी. संगुमुनै ग्रामीण इस्पितळ, नंबर नाही. आणि त्याच्या समोर एक औषधांचं दुकान, नंबरासकट, आत्ता उघडं आहे.

तळहाताएवढं गाव होतं. सकाळपासून ते तिथेच होतं.

"तुझा फोन दे," ती म्हणाली. पिलोमिनाचा नवरा मस्कतला होता, परदेशी बोलण्याचे पैसे तिच्याच फोनवर असत.

पलीकडून बाईचा आवाज आला. तमिळच, पण वळण वेगळं, जरा जुनं.

"मी रामेश्वरमहून बोलतेय. तुमचं दुकान इस्पितळासमोरच ना?"

"समोरच. रामेश्वरमहून? औषध पाठवता नाही यायचं हो आम्हाला."

"औषध नको. तुमच्या इस्पितळात माझा नवरा आहे. सवरिमुत्तु. हाताला जखम. त्याला पेनिसिलिनच्या जातीचं काही देऊ नका, एवढं तिथे जाऊन सांगाल? त्याला ते चालत नाही. घसा बंद होतो. तो स्वतः सांगणार नाही."

पलीकडे एक कोंबडी ओरडली.

"परवाच्या ट्रॉलरवरचा?"

"हो."

"माझ्या भावाची जाळी होती तिथे," बाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सकाळी ओढायला गेला तर हातात नुसती दोरी आली, जाळी तुमच्या ट्रॉलरने नेलेली. गेल्या वर्षी दोनदा, आता ही तिसरी. लहान होडी आहे त्याची, लांब जाता येत नाही. तुमच्या लोकांना सगळा समुद्र मोकळा असताना आमच्या दारात कशाला यावं लागतं?"

दोन दिवस जेसिंताकडे ह्याचं उत्तर तयार होतं. कार्यालयात तिने ते टेबलावर हात आपटून दिलं होतं, सकाळी चौथ्या ओळीत घालायला सांगितलं होतं. तिचं बोट वहीत जेसी ९ वर होतं.

"जाळी कुठे टाकली होती?" तिने विचारलं.

"इथेच की. चर्चसमोर. घरातला दिवा दिसतो एवढ्यावर."

जेसिंताने वहीवरून बोट उचललं. पिलोमिना हाताने खुणा करत होती, काय म्हणतेय, काय म्हणतेय.

"नाव परत सांगा, अक्का," बाई म्हणाली. "औषधाचं. सावकाश. लिहून घेते. आणि फोन ठेवू नका."

चपलांचा आवाज लांब गेला. जेसिंता उभ्यानेच घड्याळ बघत राहिली. अकरा वाजून चार मिनिटं. बाहेर कुणीतरी पिलोमिनाला हाक मारली, पिलोमिनाने ओरडून थांबायला सांगितलं. अकरा वाजून अकरा. अकरा सोळा. मग चपला परत आल्या, भरभर.

"बाराच्या औषधात तेच लिहिलं होतं. खोडलं त्यांनी. दुसरं देतायत. कार्डाचा फोटो ह्या नंबरवर पाठवा, डॉक्टरांना हवाय."

जेसिंता खाली बसली. "तो काही म्हणाला?"

"झोपलाय. ताप आहे, पण बरा आहे. सिस्टरने त्याला काल विचारलं होतं म्हणे, कुठलं औषध चालत नाही का. म्हणाला, मला काही होत नाही."

"असंच म्हणतो तो."

"अक्का, तो घरी आला की त्याला सांगा..." बाई थांबली. "जाऊ दे. गिऱ्हाईक आलंय."

फोन बंद झाला. जेसिंताने पदराची पिन काढली, कार्डाचा फोटो काढला, पाठवला. मघापासूनचा राग तसाच होता, फक्त तो आता फोनवर नव्हता.

"वाचला ना?" पिलोमिनाने डोळे पुसले. "अंतोणियार पावला. आता कर बाई सही, उशीर झालाय."

जेसिंताने कागद मांडीवर घेतला आणि चौथ्या ओळीपर्यंत वाचला. मग उठून वहीचं मागचं कोरं पान फाडलं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसली. सहा जणांची नावं. वयं. एकाला औषधाची बाधा होते, त्याला आधी आणावं, ही विनंती. खाली सही.

पिलोमिनाने तो कागद दोनदा वाचला, उलटून मागचं बघितलं.

"ह्यात कुठे पकडलं ते नाहीच की."

"नाही."

"असं कसं? तेच तर मुख्य. लोक काय म्हणतील? लिही ना, आपल्या हद्दीत म्हणून."

"मला काय माहीत," जेसिंता म्हणाली. "मी थोडीच होते तिथे."

तिने वही मिटली. तसबिरीमागे न ठेवता ती तांदळाच्या डब्यावर ठेवली, सवरिमुत्तु घरात शिरला की त्याला आधी तीच दिसावी अशी, आणि पायात चपला घातल्या.