दुसरी रेघ

झाकणं तेवीस होती. राजेश्रीने ती एकेक करून शहाबादी फरशीवर ठेवली, एक कोपरा बोटाने दाबून धरला आणि जो कोपरा उचललेला राहिला त्याच्याखाली करवतीची जुनी पाती सरकवली. एक पातं शून्य पूर्णांक सहा मिलिमीटर जाडीचं. दोन पाती गेली तरी पेटीचा कोयंडा बसतो. तिसरं गेलं की कुलूप लागत नाही. एकोणीस झाकणांखाली पाच ते नऊ पाती गेली. चार झाकणांखाली एकही गेलं नाही.

तिने आकडे वहीत लिहिले.

"किती बिघडली?" तिच्या वडिलांनी, मुंजाजींनी विचारलं. ते मशीनशेजारी पालथ्या डब्यावर बसले होते. चहा आणून बराच वेळ झाला होता, त्यावर साय धरली होती.

"एकोणीस."

"हात गेला माझा." लाईट गेली म्हणावं, तसं ते म्हणाले. "मशीन इकत मागणारा तो हरिओम उद्या येईल जिंतूरहून. मशीन घेऊन जाऊ दे त्याला."

बोरी गावाच्या रस्त्याकडेच्या या दुकानात सव्वीस वर्षं पत्र्याच्या पेट्या होत होत्या. मशीनला दोन रूळ होते, एकावर उंच कडं, दुसऱ्यावर तेवढीच खाच. हँडल फिरवून त्यांच्यामधून पत्रा काढला की त्यावर बोटाएवढ्या जाडीचा लांब उंचवटा उठायचा. त्याला ते नळी म्हणत. झाकणावर दोन नळ्या असल्या की वर कुणी बसलं तरी ते खचत नाही. या खेपेला एका वसतिगृहाच्या चाळीस पेट्या होत्या. आणि राजेश्रीच्या आईला, केशरबाईंना जाऊन एक्केचाळीस दिवस झाले होते. या एक्केचाळीस दिवसांत राजेश्री रडली नव्हती. तिने घरातली भांडी मोजली होती, दोनदा.

"मग ही चार कशी बसली, अण्णा?"

"बसली असतील."

एवढ्यावर ती थांबू शकली नाही. पत्रा एकाच गठ्ठ्यातला, जाडी तीच, रूळ तेच, हात तोच. तिने चारही झाकणं उलटी केली. प्रत्येकाच्या नळीच्या कडेला खडूची पुसट रेघ होती. बाकीच्या एकोणिसांवर पेन्सिलीची.

"हा मायचा शिवणाचा खडू. ही चार घरून आणलेली का?"

"व्हय. तुझी माय होती तवा कापलेला पत्रा घरी नेऊन ठेवायचो. हितं कुठं जागा हाय? मागून कापला तो हितंच ऱ्हायला."

घर दोन बोळ सोडून होतं. शेजारच्या बायनाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या.

"दुपारचं काय शोधायलीस गं?"

"मावशी, माय पत्रे कुठं ठेवायची?"

"ठेवायची कुठली, बडवायची. जेवण झालं की रोज ठकठक, ठकठक. म्या म्हणायची, केशर, नवऱ्याला बडव, त्या पत्र्यानं काय केलंय तुजं? जरा डोळा लागू दे." त्यांनी सुपातला एक खडा उचलून रस्त्यावर टाकला. "आता सामसूम हाय, तं डोळाच लागंना."

घरात शिलाई मशीनच्या मागे वाळू भरलेलं पोतं होतं. त्यावर लाकडी मोगरी, आणि भिंतीला टेकवलेला एक पत्रा. त्यावर खडूच्या दोन रेघा होत्या. राजेश्रीने पत्र्यावर पट्टी आडवी धरली. पहिल्या रेघेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पत्रा पोटासारखा फुगला होता. मोगरीचे ठसे एकमेकांना लागून होते, एकसारखे. दुसऱ्या रेघेवरही तसंच होतं. पण एकोणीस सेंटिमीटरपर्यंत. पुढे पत्रा कोरा.

तिने परत मोजलं. एकोणीस.

ती पोत्याशेजारी बसली. नंतर उठून पत्रा, पोतं आणि मोगरी घेऊन दुकानात आली.

"अण्णा, नळी उठायला जास्तीचा पत्रा लागतो. मिळाला नाही की ती बाजूचा ओढून घेते. मधला भाग आखडतो, कडा तेवढ्याच राहतात, म्हणून कोपरे उचलतात. मायनं तो पत्रा आधीच ठोकून वाढवून ठेवलेला आहे. रेघेवरच, बाजूला नाही."

"पोचे काढते म्हणायची."

"मशीनमधून गेल्यावर हे ठसे राहत नाहीत. नळीतच जातात. म्हणून तुम्हाला कधी दिसले नाहीत."

मुंजाजींनी पहिल्या रेघेवरून अंगठा फिरवला. शेवटापर्यंत नेला, परत आणला.

"एकदा म्हणली व्हती," ते म्हणाले. "चुणी घालायची तं कापड आधी जास्ती धरावं लागतं, तुमच्या पत्र्याचंबी तसंच असंल. म्या म्हणलो, तू बिलाऊज शिव. खामखा ह्यात डोकं घालू नको."

रस्त्यावरून एसटी गेली आणि टांगलेले पत्रे थोडा वेळ थरथरत राहिले.

अंगठा दुसऱ्या रेघेवर गेला आणि जिथे पत्रा कोरा झाला तिथे थांबला.

"हितंवर?"

"हो."

"हे झाकण बसलं न्हाई, तं मशीन जाईल," ते म्हणाले. त्यांनी पोतं पायांमध्ये ओढलं, पत्रा त्यावर धरला आणि मोगरी उचलली. पहिला ठोका हलका पडला. दुसरा जास्त जोरात. मग त्यांनी केशरबाईंच्या ठशांकडे पाहिलं, मोगरीची मूठ थोडी वर धरली आणि तिसरा ठोका शेवटच्या ठशाला लावून मारला. राजेश्री मोजत होती. टोकापर्यंत चौसष्ट झाले.

मशीनवर त्यांनी पहिल्या फेरीत रूळ अर्धाच आवळला. दुसऱ्या फेरीत आणखी थोडा. तिसऱ्या फेरीत दोन्ही नळ्या पूर्ण उठल्या. पत्र्यावर एकही ठसा उरला नाही. तिचा कुठला आणि त्यांचा कुठला, ते सांगता आलं नसतं.

मुंजाजींनी झाकण स्वतः फरशीवर ठेवलं आणि बाजूला झाले. फरशीकडे न बघता त्यांनी गार चहा पिऊन टाकला.

राजेश्री गुडघ्यांवर बसली. पहिल्या नळीच्या दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांखाली पातं गेलं नाही. दुसऱ्या नळीच्या सुरुवातीच्या कोपऱ्याखाली गेलं नाही. शेवटच्या कोपऱ्याखाली एक गेलं. दुसरं गेलं नाही. कुलूप लागणार होतं.