पाडलेल्या वॉर्डातले पेशंट

“काका, मी नवीन प्रोग्राम टाकला होता. लायब्ररीत बघा ना, आहे तिथं!” धम्मानंदला सांगताना प्रणिताचा आवाज रडवेला झाला होता.

“टाकला असता तर पेशंटची नोंद त्या पाडून टाकलेल्या जुन्या वॉर्डात झाली असती का?” मॅनेजर हर्षवर्धन कडाडला. “तिकडचा दवाखाना बोंबलतोय. चार वाजता कॉल आहे. तुला प्रोजेक्टवरून काढतील, मी काय करू?”

हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या त्या ऑफिसात परदेशी दवाखान्यांचे मेनफ्रेम, म्हणजे मोठाले संगणक, सांभाळायला चाळीस माणसं होती. मशीनच्या पोटातलं वाचता येणारा मात्र एकटा धम्मानंद. साठी उलटलेली. कुणाच्या वाढदिवसाचा केक न खाणारा आणि कुणाचाच वाढदिवस न विसरणारा. दरवर्षी त्याच्या नोकरीची मुदत वाढायची. यंदाचं मुदतवाढीचं पत्र अजून वरच्या लोकांच्या सहीवाचून पडलंय, हे पाणी भरणाऱ्यालाही ठाऊक होतं.

“हर्षवर्धनराव, पोरीवर काहून तापता? दम धरा की जरा,” म्हणत त्याने मशीनच्या मेमरीची नक्कल कागदावर काढली आणि प्रणिताला शेजारी बसवलं.

मेनफ्रेमचा कारभार चोख. प्रोग्राम मेमरीत आणला की त्याचं नाव, पत्ता आणि किती जण वापरतायत तो आकडा, अशी नोंद होते. दुसऱ्याने मागितला तर लायब्ररीपर्यंत, म्हणजे प्रोग्रामच्या कोठारापर्यंत, हेलपाटा नाही. आहे तोच द्यायचा, आकडा एकाने वाढवायचा. काम संपलेल्याने ‘झालं माझं’ म्हणून कळवायचं, की आकडा घटतो. शून्य झाला तरच जुन्याची उचलबांगडी, मग नवीन येणार.

“हे बघ माय. आत्ता कोणीच वापरत नाही, तरी आकडा एक. कोणीतरी घेतला अन् सोडला नाही. म्हणून जुनाच बसलाय ठाण मांडून. तुझी चूक नाही.”

“मग कुणाची?”

धम्मानंद माग काढत एका बारक्याशा जुन्या प्रोग्रामपाशी पोचला. गडबड झाली की तो सोडल्याचं न कळवताच निघून जायचा. दर रविवारी सगळं बंद होऊन नव्याने सुरू व्हायचं, म्हणून अठरा वर्षं ते झाकलं गेलं. गेल्या महिन्यात दवाखान्याने रविवारी मशीन बंद ठेवणं थांबवलं. प्रोग्रामच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव होतं. स्वतःचंच नाव वाचून धम्मानंद खुदकन हसला.

“भले शाब्बास! आपलेच दिवटे चिरंजीव.”

साडेतीनला दुरुस्ती झाली, पेशंट नव्या वॉर्डात जाऊ लागले. धम्मानंदने चार ओळींचा अहवाल लिहिला. हर्षवर्धनने वाचला आणि खुर्ची जवळ ओढली.

“सर, नाव नक्को ना. ‘जुना कोड’ एवढंच लिहू. वरचे लोक उद्या तुमचंच पत्र बघणारेत.”

“जुन्या कोडला आईबाप नसतात व्हय? मग लोक पोरीकडंच बघतील. राहू द्या नाव.”

अहवाल नावासकट गेला.

धम्मानंद उठला, आपली खुर्ची प्रणिताकडे सरकवली आणि स्वतः मागे उभा राहिला.

“बस. ही नक्कल पहिल्या पानापासून वाच, मोठ्यानं. पुढच्या महिन्यात विचारायला मी नसेन.”