न वाजणारा रेनकोट

रोशनने आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नव्हती, पण गोल्फच्या रेनकोटावर तो आता तासभर बोलू शकला असता. कीटकनाशकांच्या एका कंपनीत तो विक्री अधिकारी होता. या वर्षी मोठ्या साहेबांनी साऱ्या विदर्भातून मोजकी माणसं निवडली होती आणि त्यांना डोंगरातल्या एका हॉटेलात गोल्फ खेळायला नेणार होते. पाऊस आला म्हणून खेळ थांबत नाही, चांगला रेनकोट आणा, असं साहेबांनी फोनवर बजावलं होतं. वर हसत म्हणाले होते, वाजणारा नको हं, कुणी फटका मारताना शेजारी करकर झालेली चालत नाही.

त्या करकरीने रोशनची झोपच उडवली. गाडी दुसऱ्या दिवशीची, आणि हा पठ्ठ्या सकाळपासून गोंदियाच्या बाजारात घनश्यामच्या दुकानात उभा. मोटारसायकलवाल्यांचा जाड रेनकोट घातला, तर हात वर करताच तो पापडासारखा वाजला. लांब कोट घातला, तर पायात अडकला. शेवटी घनश्यामने आतून एक राखाडी जोडी काढली. मऊ, हलकी, पॅन्टसकट.

"भैया, पहनके हाथ घुमाओ. पूरा घूमेगा," घनश्याम म्हणाला.

रोशनने दुकानातली एक छत्री उचलली आणि आरशासमोर जोरात फिरवली. वर टांगलेल्या टोप्या खाली आल्या, गिऱ्हाइकं हसली, पण रेनकोट वाजला नाही. रोशनला इतका आनंद झाला की हसणाऱ्यांचा रागही आला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. त्याची बायको दामिनी गावाहून बोलत होती, मागे पावसाचा आणि माणसांचा गलका.

"अजी, तलावाची पाळ दबून रायली. मामाजी कवाचे गेले तिकडं. तुमी लवकर या. अन् येता येता बारदाना घेऊन या, पोते कमी पडून रायले."

"निंगालोच," रोशन म्हणाला. तेव्हा त्याचा एक पाय पॅन्टमध्ये होता आणि दुसरा बाहेर.

गावचा तलाव रोशनच्या पूर्वजांनी बांधलेला. पाळ खचली की मातीची पहिली टोपली त्यांच्या घरच्या माणसाने टाकायची, ही गावाची रीत. वडील बकाराम, म्हणजे दामिनीचे मामाजी, आता थकले होते, तेव्हा ते काम रोशनचं. पाळीखालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, नुकतीच रोवणी आटोपली होती. पाळ गेली असती तर साऱ्या गावाचा धान एका दुपारात वाहून गेला असता. हे रोशनला कुणी सांगायची गरज नव्हती. तरीही राखाडी बरा की निळा, यात त्याने आणखी वेळ घालवला आणि शेवटी राखाडीच घेतला.

"पहनके ही जाओ," घनश्याम म्हणाला. "एक बूँद अंदर गई तो वापस ले लूँगा."

तासाभराचा रस्ता, वरून धो धो पाऊस. वाटेत बारदान्याची दुकानं लागली, रिकाम्या पोत्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे ताडपत्रीखाली रचलेले. रोशनची मोटारसायकल त्यांच्यासमोरून गेली. त्याचं सगळं ध्यान बाहीकडे होतं, वाऱ्याने ती वाजते का ते तो ऐकत होता.

तो पाळीवर पोचला तेव्हा गाव रांगेत उभं होतं. खाली माती भरायची, हातोहात वर द्यायची, खचलेल्या जागी टाकायची. बायामाणसांच्या डोक्यावर खताच्या पोत्यांच्या खोळी होत्या, पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून केलेल्या. खचलेल्या जागेच्या अगदी तोंडाशी, जिथे रोशनने उभं राहायचं तिथे, कमरेएवढ्या चिखलात दामिनी उभी होती. पहिली टोपली तिनेच टाकली होती.

"बारदाना?" तिने विचारलं.

रोशनने मागे वळून मोटारसायकलकडे पाहिलं, जणू ती पोती तिथे आपोआप उगवणार होती. मग त्याने मान खाली घातली. दामिनी वळली आणि खालून आलेली पुढची टोपली तिने हातात घेतली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

त्याने रेनकोटच्या चेनला हात घातला आणि खाली उतरायला पाय उचलला. तेवढ्यात रांगेतून बकाराम ओरडले.

"ए बाबू! तू नोको उतरू. उद्या गाडी हाय तुही."

"बाबा, मी येतो ना."

"कायले येतं? कपडे चिखलात गेले त साहेबापुढं काय घालशील? अन् ते अंगातून काढू नोको, भिजशील. ताप आला मंग?" मग ते बाकीच्यांकडे वळले. "त्याले जागा द्या गा बाजूले. चिखल उडू देऊ नका त्याच्या अंगावर."

रांग खरोखर थोडी सरकली. रोशनची चेन तिथेच थांबली. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला हायसं वाटलं. पुढे कितीतरी दिवस त्याला बाकी कशापेक्षाही या हायसं वाटण्याचीच लाज वाटत राहिली.

पोती संपली. टाकलेली सुटी माती पाणी घेऊन जात होतं. तेव्हा शेजारच्या शामकलाबाईंनी डोक्यावरची खोळ काढली, खुपसलेला कोपरा उलटा केला, पोतं सरळ झालं. त्यात माती भरून त्यांनी पुढे दिलं. मग त्यांच्या पलीकडच्या बाईने खोळ काढली. मग तिच्या पलीकडच्या माणसाने. दामिनीने आपली काढली तेव्हा तिचे केस तोंडावर आले, पण हात मातीचे म्हणून तिने ते तसेच राहू दिले. सगळ्यात शेवटी बकारामांनी काढली. त्यांच्या टकलावरून पाणी वाहू लागलं. सगळ्या गावाचं पांघरूण पाळीत गेलं आणि पाळ तगली.

रोशन वर उभा होता. त्याच्या रेनकोटवर पाऊस पडत होता आणि ओघळून जात होता.

माणसं वर आली. सगळी ओलीचिंब, थंडीने काकडलेली, पण खुशीत. कुणी त्याला टोमणा मारला नाही. शामकलाबाई जवळ आल्या, त्यांनी चिखलाचा हात लुगड्याला पुसला आणि एका बोटाने बाही चाचपून पाहिली.

"लय नरम हाय गा बाबू. अन् वाजत बी नाही."

रोशनला कुठे तोंड लपवावं कळेना.

घरी आल्यावर दामिनीने चूल पेटवली. रोशनने रेनकोट काढून खुंटीला लावला. आतल्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. बकाराम चुलीपाशी उकिडवे बसले होते, खांद्यावर टॉवेल, दात वाजत होते. बाबांनी एक सणसणीत शिवी द्यावी, असं रोशनला फार वाटत होतं.

बकारामांनी त्याच्या शर्टाकडे पाहिलं.

"आत गेलं का पाणी?"

"नाही, बाबा."

"एक थेंब बी नाही?"

"नाही."

"मंग बेस घेतला," बकाराम म्हणाले आणि पाळीवरून सोबत येऊन शेजारी शेकत बसलेल्या नातेवाइकाला त्यांनी कोपराने ढोसलं. "पाहालं का? आमच्या पोराले पारख हाय."