शेंगदाण्याएवढे थेस्पिया

"थर्मोपिलीच्या खिंडीत थेस्पियाचे सातशे लोक अखेरपर्यंत राहिले, ते शौर्यामुळे नव्हे. बलाढ्य मित्राला नकार देण्याचे धैर्य लहान राज्यांपाशी नसते. आमच्या मंडळातले दिवंगत रणदिवेकाकाही असेच युद्धाच्या तोंडावर जहाजावर राहिले होते. त्यांना 'नाही' म्हणता आले नाही, इतकेच."

या बेटावरच्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकातील हे विधान निखिलचे. तो चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत काम करतो आणि सुटीच्या दिवशी ग्रीकांची युद्धे लढतो. लेख नेटका आहे, पण या चार वाक्यांत तो साफ खोटा आहे. माझे उभे आयुष्य जहाजांच्या इंजिनांपाशी गेले. दुरून आवाज ऐकून कोणते बेअरिंग झिजले आहे ते मी सांगत असे. हे विधान वाचतानाही मला तसाच खुळखुळाट ऐकू आला.

रणदिवे म्हटले की मला प्रथम आठवतो तो बशीवर किणकिणणारा चमचा. मरीन परेडच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपुढे, सकाळचे तिरपे ऊन पत्र्याच्या कडेवरून उतरून टेबलापर्यंत येई, कोपीच्या, म्हणजे इथल्या कडक कॉफीच्या, वाफेत क्षणभर घुटमळे, आणि त्या सोनेरी धूसरतेत त्याचे हात येत: लांब बोटांचे, नखांच्या कडांशी तेलाची न गेलेली काळी रेघ असलेले, आणि इंधन तोडल्यानंतरही काही काळ थरथरत राहणाऱ्या यंत्रासारखे अखंड कंप पावणारे. कप उचलण्यापूर्वी तो एकवार थांबे, जणू हातांची परवानगी मागे.

या नगरीला ऋतू नाहीत असे म्हणतात. रणदिवेपुरते दोन होते: धुराचा आणि निरभ्राचा. शेजारच्या बेटांवरची राने पेटून सूर्य तांबूस आणि निस्तेज होई, किनाऱ्यासमोर नांगर टाकून उभी असलेली जहाजे एकेक करून त्या करड्या पडद्याआड विरून जात, तेव्हा तो खुर्ची मुद्दाम समुद्राकडे वळवून बसे. दिसत नाही त्याच्याकडे पाठ करू नये, असे त्याचे म्हणणे. एकदा नागरी संरक्षणाच्या सरावाचा भोंगा वाजला. सारे जण खातच राहिले. त्याने मात्र तळहात कपावर धरला, वादळात एखाद्याने चिमणीच्या पिलावर धरावा तसा, आणि भोंगा विझेपर्यंत तो काढला नाही.

तो घाबरट होता, हे मी नाकारत नाही. त्याने स्वतः ते कधी नाकारले नव्हते.

याच टेबलावर त्याचे ग्रीस मांडले जाई. कोपीचा कप म्हणजे अथेन्स, तिखट सॉसची बाटली म्हणजे स्पार्टा, आणि बशीतले उकडलेले शेंगदाणे म्हणजे ती असंख्य लहान राज्ये, ज्यांची नावे विजयस्तंभांवर कडेला येतात आणि राखेत मधोमध. एक दाणा तो कपाशेजारी ठेवी. "हे प्लाटिया. मॅरेथॉनवर अथेन्सच्या बाजूने उभं राहायला दुसरं कुणी आलं नाही, हे आलं. आणि पुढे ह्याच्यावर वेढा पडला तेव्हा..." असे म्हणत तो कप हळूहळू, अत्यंत सभ्यपणे, दूर ओढून घेई. मग दुसरा दाणा दोन बशांमधल्या फटीत जाई. हात कापत असल्याने तो दोन्ही कडांना टकटक आपटे. हे थेस्पिया.

"पळायला जमलं नसेल रे," मी डिवचत असे. मी शेवटी चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो, तेव्हापासून तो मला चीफच म्हणे.

"चीफ, घाबरले होतेच ते. माणसंच होती. धीट होते का, हे विचारायचंच नाही. वाट उघडी होती का, एवढं विचारायचं. पिछाडीला शत्रू येतोय हे कळल्यावर स्पार्टाच्या राजाने बाकीच्या मित्रांना जायला सांगितलं. वाट उघडी होती." आणि मग थेस्पिया तोंडात टाकून तो शांतपणे चघळी.

परवा दुपारी हौगांगहून रणदिवेच्या बायकोचा, सुमनवहिनींचा, फोन आला. येत्या रविवारी त्याला जाऊन वर्ष होईल. घरच्या घरी चार माणसे जमतील आणि नातू आजोबांविषयी छापून आलेले वाचून दाखवील, असे ठरले आहे. "भावजी, ही ओळ मुलाने सगळ्यांसमोर वाचायची का? तुम्ही त्या युद्धाच्या फेरीत आधीच्या बंदरातच उतरला होतात, ठाऊक आहे मला. ह्यांची बॅग तेवढी जड होत होती म्हणून तुमच्याबरोबर आली. पण तुमच्या कानावर काही आलं असेलच की. हे खरं आहे का?" त्या रडत नव्हत्या. त्यांच्या स्वरात एक भयभीत नेमकेपणा होता. तपासणीचा निकाल हाती घेतलेल्या माणसाचा असतो तसा.

मी तत्काळ निखिलला फोन लावला. तोफा तयारच होत्या. "हे तुला सांगितलं कोणी?"

"काका, तुम्हीच! गणपतीच्या जेवणात. रणदिवेकाका समोरच होते. केवढे हसलो होतो आपण सगळे."

शेजारी बसलेली माझी नात मान वर न करता इथल्या बोलीत म्हणाली, "आजोबा, रिलॅक्स लाह. जस्ट वन लाइन."

एकच ओळ, खरे आहे. आणि तिचा कर्ता निखिल नव्हे. 'रणदिवेला नाही म्हणताच येत नाही' हे मी इतकी वर्षे, इतक्या पंगतींत, इतक्या खणखणीत आवाजात सांगत आलो की ते इतिहासासारखे वाटू लागले. आणि प्रत्येक वेळी तो माझ्याकडे पाहून हसला, आपला दाणा चघळत राहिला, कापऱ्या हाताने माझ्याच कपात साखर ढवळून देत राहिला. त्याच्या त्या हास्याची मला आज जितकी भीती वाटते तितकी कोणत्याही बॉयलरची कधी वाटली नाही. दोन दिवस मी हा कागद समोर घेऊन बसतो आणि उठतो. समुद्रावर धूर आहे. जहाजे दिसत नाहीत, त्यांचे भोंगे मात्र येतात.

तेव्हा माझेच विधान मी येथे खोडून काढतो.

युद्धाच्या पाण्यात शिरण्यापूर्वी जहाजावर प्रत्येकाला स्वतंत्र विचारण्याची रीत आहे: येणार की उतरणार? नकार देणाऱ्याला दोष लागत नाही. त्याला किनाऱ्यावर पोचवून घरी पाठवतात. त्या सकाळी आखाताच्या तोंडाशी जहाज थांबले होते, पाणी शिशासारखे निश्चल होते आणि क्षितिजावर एक धुराची रेघ उभी होती. नऊ जणांनी नकार लिहिला. त्यांत रणदिवेची सही होती, स्वच्छ, वळणदार, पूर्ण नावाची. ज्याला नाही म्हणता येत नव्हते असे मी सांगितले, त्याने नाही म्हटले होते. नऊही जण दोराच्या शिडीने खाली, किनाऱ्यावर नेणाऱ्या लाँचमध्ये उतरले; सामान आधीच उतरले होते.

लाँच सुटण्याच्या बेतात असताना वर जहाजाच्या पोटात जनरेटरचा सूर अडखळला. एखाद्या वृद्धाचा श्वास झोपेत अडखळावा तितकाच. तो अडखळ ज्यांच्या कानांना कळावा असे त्या लाँचमध्ये दोनच इंजिनिअर होते, एक सेकंड आणि एक थर्ड. वर इंजिनापाशी उरले होते एक चीफ आणि दोन बर्मी ऑइलर. दोघांनी वर पाहिले, दोघांनी एकमेकांकडे पाहिले. थर्ड उठला. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर त्याचा बूट घसरला, आणि तो चढत राहिला.

ते जहाज सुखरूप पार झाले. त्याचे हात झाले नाहीत.

काळ बहुतेक गोष्टींवर धूर पसरतो आणि जो गेला त्याच्यापुढे सारेच साक्षीदार निर्भय होतात. वहिनी, रविवारी मुलाला हे वाचू द्या. वाट उघडी होती का, याचे उत्तर माझ्यापाशी आहे. शिडी वर ओढली गेली आणि लाँच वळली, तेव्हा मी लाँचमध्ये बसूनच होतो आणि त्याची बॅग माझ्या पायांशी होती.