जवसाचं पोटीस

दवाखान्यातल्या बायकांच्या बाकावर हळूहळू कोणी बसेनासं झालं, आणि प्रयागबाईंना पहिल्यांदा त्याचं बरंच वाटलं. मंगरूळपीरहून कारंज्याकडे जाणाऱ्या सडकेवरचं ते बाजाराचं गाव. व्यापाऱ्यांनी मिळून बांधलेला दवाखाना, एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि नागपुरात शिकून आलेल्या ह्या एक नर्सबाई. पुरुषांच्या बाजूला खोकणाऱ्या-कण्हणाऱ्यांची गर्दी रोजचीच होती. बायकांच्या बाकावर मात्र धूळ बसू लागली, आणि कधीमधी एखादी कोंबडी.

"गावातल्या बायका ठणठणीत झाल्या वाटतं," प्रयागबाई म्हणाल्या.

"मंग मसनात अन् कबरस्तानात कोन जाऊन राह्यलं?" कंपाउंडर भाऊसिंग औषध गाळता गाळता म्हणाला.

तो सहज बोलून गेला. पण त्याच आठवड्यात सडकेवरून एक तिरडी गेली. बाळंतपणात गेलेली बाई होती, आणि ती पोटुशी होती हेसुद्धा दवाखान्याला ठाऊक नव्हतं. प्रयागबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. समोरच्या ओट्यांवरच्या बायकांनी त्यांच्याकडे पाहिलं, पदर ओढले आणि एकेक करत घरात गेल्या. असं का, ते प्रयागबाईंना कळलं नाही.

तुम्हीआम्ही असतो तर आपल्यालाही कळलं नसतं. कारण प्रयागबाई काही वाईट बाई नव्हत्या. हात हलका, कामाला वाघ. नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत प्लेगात गेला. मग भाऊ अमरसिंग याने लोकांची बोलणी खाऊन त्यांना शिकायला पाठवलं. पण विधवा आणि त्यात नर्स, दहा जातींच्या अंगाला हात लावणारी! हळदीकुंकवाला कोण बोलावणार? घरोघरची दारं अडल्यावेळी उघडायची आणि काम झालं की मिटायची. एकच दार त्यांना आपणहून उघडं होतं, आणि ते उघडलं होतं त्यांच्या गोष्टींनी.

लखमीचंद शेठच्या घरी उन्हाळ्यात पापड लाटायला बायका जमत. शेठाणी भंवरीबाई खास निरोप धाडायची, "प्रयागले बोलाव गं, तिच्याबिगर हात चालत नाई." आणि प्रयागबाई जाऊन दवाखान्यातल्या गमती सांगायच्या. पन्नालाल शेठ सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नसत. त्यांना जुलाबाचं औषध तीन वेळा घ्यायला सांगितलं, तर रात्रीचा डोस बुडू नये म्हणून त्यांनी तिन्ही डोस दुपारीच एकदम घेतले आणि दुकानाला कुलूप लावायलाही त्यांना सवड मिळाली नाही. अनसिंग गावचा रतनसिंग तर बायकोचा ताप मोजून घ्यायला एकटाच आला होता. "ते कायले येते? ते काचेची कांडी माह्याच तोंडात ठेवा, आमी दोघं एकाच घरात राहतो," असं म्हणून आ करून बसला. बायका हसून हसून पोळपाटावर पडायच्या.

पण सगळ्यांत गाजली ती जवसाची गोष्ट. गाद्या भरणाऱ्या युनूसची बायको लतीफा छातीत गळू धरलं म्हणून आली होती. गळवावर गरम लेपाचं पोटीस बांधायला प्रयागबाईंनी जवसाचं पीठ दिलं. चार दिवसांनी सासू नसीमबी सुनेला घेऊन हजर. "बाई, चटनी चांगली झालती. लसून-मिरची घालून साऱ्यायनं खाल्ली. अजून असन तं द्या." लतीफा खाली मान घालून उभी होती. गळू तसंच ठणकत होतं, शेवटी डॉक्टरांना चिरा द्यावा लागला. प्रयागबाईंनी ही गोष्ट नावानिशी, जागेनिशी, नसीमबीच्या आवाजाची नक्कल करून सांगितली. भंवरीबाई तर डोळे पुसत म्हणाली, "पुन्हा सांग." गोष्ट ओसरीवरून बाजारात गेली, बाजारातून गल्लीत. लतीफा पाण्याला निघाली की पोरं मागून ओरडू लागली, "चटनी, ओ चटनी!"

त्यानंतरच बाक रिकामा होऊ लागला होता.

होळीच्या आसपासची गोष्ट. बाजाराचा दिवस होता, ऊन चढलं होतं. डॉक्टर खेड्यावर देवी टोचायला गेले होते. बांगड्या भरणारी सुगराबी आपली टोपली घेऊन थेट बायकांच्या बाजूला आली, धूळ झटकायचीही वाट न पाहता बाकावर बसली. सुगराबी म्हणजे बडं प्रस्थ. चार तालुक्यांतून माल आणायची, आणि तिच्या तोंडाला शेठ लोकही भ्यायचे.

"काय चाची, तुमचं काय दुखतं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"माह्यं काई नाई दुखत. लतीफाच्या घरून आली मी. सातव्या महिन्याच्या चुड्या भराले बोलावलं होतं. तिच्या हाताचं माप मले पाठ हाय, पन आज चुडी मुठीवरून सरकून नाई राह्यली. हात सुजले, तोंड सुजलं. डोकं फुटते म्हनते. अन् मले म्हनते, खाला, तुमी दोन काहून दिसून राह्यल्या?"

प्रयागबाईंच्या हातातली पट्टी तशीच राहिली. अशी सूज, अशी डोकेदुखी, असं एकाचं दोन दिसणं. यानंतर काय येतं ते त्यांनी नागपुरात पाहिलं होतं.

"मग तिला इकडे काहून नाही आणलं?"

"आनत होती. ते म्हनते, जीव गेला तरी चालीन पन दवाखान्यात नाई जाईन. मागं गळू झालं तं साऱ्या गावाले ठाऊक झालं कुठं झालं ते. आता काय झालं ते बी पापडावर लाटतीन."

"मी थोडी गंमत केली, चाची. कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं."

"गंमत कोनाची केली, ते पाहा ना." सुगराबीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी घरोघर फिरते, बाई. बाईचा हात माह्या हातात असते तवा ते सारं सांगते. नवरा मारते ते, सासू उपाशी ठेवते ते, पोट पडलं ते. एका ओसरीवरचं मी दुसऱ्या ओसरीवर नेलं असतं, तं लोकायनं मले बोलावू बोलावू चहा पाजला असता. पन माह्या हाती हात कोनं देल्ला असता? अन् चुडी भरली नाई म्हनून कोनी मरत नाई. तुमच्या हाती हात नाई देल्ला तं मरते."

प्रयागबाईंनी त्या बाकाकडे पाहिलं. सडकेवरून गेलेली तिरडी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. बायका बऱ्या झाल्या नव्हत्या! त्या भ्याल्या होत्या, आणि रोगाला नव्हे, प्रयागबाईंना भ्याल्या होत्या! त्यांनी पेटी उचलली, भाऊसिंगला घोड्यावरून डॉक्टरांकडे पिटाळलं आणि भर उन्हात त्या निघाल्या.

युनूसच्या दारात नसीमबी आडवी उभी होती.

"आमच्या घरी कोनी बिमार नाई," ती म्हणाली. "जुनी गोष्ट सरली असन तं दुसरं घर पाहा."

गल्लीतल्या बायका दाराआडून बघत होत्या. प्रयागबाईंनी पेटी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत नसीमबीपुढे हात जोडले.

"माझी चूक झाली. मला काय बोलायचं ते मागून बोला, जोड्यानं मारा. पण आता पोरीला पाहू द्या."

नसीमबी हलली नाही. तिचा राग खरा होता, आणि तो वर्षभराचा होता. तेवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ टाचा जमिनीवर आपटल्याचा. लतीफाची तीन वर्षांची मुलगी रडत बाहेर आली. नसीमबी दारातून बाजूला झाली.

लतीफाला झटका आला होता. डोळे फिरले होते, दात बसले होते. प्रयागबाईंनी तिला कुशीवर वळवलं, दातांमध्ये कापड गुंडाळलेला चमचा सरकवला, खिडकीवर गोधडी टाकून अंधार केला आणि कुणाला शब्दही बोलू दिला नाही. एक झटका ओसरला की दुसरा येत होता. दिवस कलताना डॉक्टर आले, सुई दिली. मूल गेलेलंच जन्मलं. मुलगा होता. युनूसने त्याच्या नव्या रजईसाठी जो कापूस पिंजून ठेवला होता, तो कोपऱ्यात तसाच पांढरा पडून होता.

लतीफा वाचेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले. नजर अजून धूसर होती.

"कोन हाय?"

"मी. प्रयागबाई."

आपलं मूल कुठं आहे, हे तिने विचारलं नाही, ते तिला कळलं होतं. तिने विचारलं, "बाई, हे बी सांगसान काय कोनाले?"

प्रयागबाईंनी नकाराची मान हलवली, पण ती लतीफाला दिसली नसावी, कारण ती पुढे बोलतच राहिली.

"मले समजलं होतं ते बांधाचं हाय म्हनून. येडी नव्हती मी. पन घरात एकच खोली. सासरा, देर, सारे तिथंच. कुठं बांधतं म्हनून विचारलं असतं तं काय सांगू? सासूनं विचारलं काय देल्लं, तं म्हटलं, खायाले देल्लं. मंग तिनं चटनी वाटली. मी बी खाल्ली. खाऊ खाऊ रडली, तं म्हने मिरची झोंबली."

ज्या गोष्टीवर सारं गाव पोट धरून हसलं, ती गोष्ट ही होती. त्यात अडाणीपण कुठंच नव्हतं. होती ती एका बाईची लाज, आणि ती झाकायला तिने गिळलेलं औषध.

"नाही सांगणार, लतीफा," प्रयागबाई म्हणाल्या. "कोणालाच नाही."

उन्हाळा आला. भंवरीबाईकडे पापड सुरू झाले, निरोप आला. प्रयागबाई गेल्या, लाटणं हातात घेतलं. थोड्या वेळाने भंवरीबाई सरकून जवळ आली. "गादीवाल्याच्या बायकोचं काय झालं म्हनते? तू तं तिथंच होती. सांग ना."

सगळी लाटणी थांबली.

"ते मी सांगायचं नसतं, शेठाणी," प्रयागबाई म्हणाल्या. "आणि मागचं जे सांगितलं, तेही सांगायचं नव्हतं. पोरांना तिला चटणी म्हणू देऊ नका."

कुणी हसलं नाही. भंवरीबाईचा चेहरा पडला, ती उठून आत गेली. बाकीच्यांनी मुकाट्याने लाटायला घेतलं. पुढच्या दिवशी निरोप आला नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. गावात आपणहून उघडणारं ते एकच दार होतं, तेही मिटलं. प्रयागबाईंना त्याचं वाईट वाटलं. वाटणारच, माणूस होत्या त्या.

वाचकहो, आजारी माणूस आपल्याजवळ नुसता आजार घेऊन येत नाही, लाजही घेऊन येतो. ती त्याने विश्वासाने आपल्या हाती दिलेली ठेव असते. त्याच्यासोबत हसता आलं तर जरूर हसावं, त्याने दुखणं हलकंही होतं. पण त्याच्या पाठीमागे चारचौघांत त्याचं हसं केलं, तर हसू आपल्याला मिळतं आणि किंमत तो मोजतो. आणि सांगणाराच तेवढा दोषी नसतो. "पुन्हा सांग" म्हणणारे आपणही त्यात असतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्यानंतर एका दुपारी लोकांची जेवणं चालली होती, सडकेवर चिटपाखरू नव्हतं, अशा वेळी बायकांच्या बाकावर कोणी येऊन बसलं. डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला होता. प्रयागबाई जवळ गेल्या तेव्हा पदर जरासा वर झाला. भंवरीबाई होती.

"प्रयाग, दार लाव," ती म्हणाली. "तू त्या दिवशी सांगितलं नाई ना, म्हनून आली मी."

प्रयागबाईंनी दार लावलं, हात धुतले. भंवरीबाईने चोळीची गाठ सोडली. डाव्या छातीत, काखेजवळ, सुपारीहून मोठी, दगडासारखी गाठ होती. प्रयागबाईंनी ती बोटांनी चाचपून पाहिली, ती जागची हलेना.

"केव्हापासून आहे ही?"

भंवरीबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"जवसाच्या गोष्टीवर हसलो ना आपन," ती म्हणाली, "त्याच्या आधीपासून."