हातावरचं हसू

डॉक्टर राजवर्धन यांनी व्हिडिओ थांबवला आणि वर्षाराणीसाठी खुर्ची पुढं सरकवली.

“बघण्याआधी सांगतो. हे दात बसवलेले नव्हते. हे नुसतं ठरवलेलं हसू. चेहऱ्याची मापं घेऊन कॉम्प्युटरनं काढलेलं. पेशंटला पसंत पडलं, की खऱ्या दातांवर तशी व्हेनिअर्स, म्हणजे पातळ पांढरी आवरणं, चिकटवतो.”

आईला पसंत पडलं होतं. ज्या सोमवारी व्हेनिअर्स चिकटवायची होती, त्याच सोमवारी सकाळी आई गेली. चौसष्टाव्या वर्षी, गोठ्यात, धार काढता काढता.

उद्या तेरावा. घरात तिचा हसरा फोटो एकही नव्हता. मशेरीनं काळे पडलेले दात झाकायला प्रत्येक फोटोत हात नाहीतर पदर. वडील, आण्णा, म्हणाले होते, “त्या दाताच्या डॉक्टरकडं असंल की. माळ घालायची तर हसणारीला घालू.”

तो हात पहिल्यांदा वर गेला तो शाळेच्या गॅदरिंगला. आठवीतली वर्षाराणी कुजबुजली होती, “आई, तोंड झाक की गं.” व्हेनिअर्सचा हट्टही वर्षाराणीचाच.

“चालू करा,” ती म्हणाली.

पडद्यावर आई हलली. ‘स’ म्हणताना दात कसे दिसतात ते पाहायला डॉक्टरांनी तिला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला सांगितलं होतं.

“साठ... एकसष्ट... बासष्ट...”

आवाज आईचाच होता. दात कुणाचेच नव्हते. पांढरे, सरळ, जरा ओलसर.

“त्रेसष्ट... चौसष्ट.” ती थांबली. “पुरं की आता, डाक्टर. फुडचं येत न्हाय मला.”

मग स्वतःशीच खुदकन हसली, आणि सवयीनं हात तोंडावर गेला.

दात झाकले गेले नाहीत. ते बोटांवर आले. तोंडावर धरलेल्या हाताच्या पाठीवर आठ दात, हसत.

वर्षाराणीनं टेबलाची कड धरली.

“कॉम्प्युटरला हात कळत नाही,” डॉक्टर घाईनं म्हणाले. “तोंड तिथंच आहे असं समजून तो दात काढत राहतो. हात वर जायच्या आधीचा फोटो देतो की.”

तो त्यांनी दाखवला. सुंदर होता. उद्या शेजारची आक्का म्हणेल, अगदी अशीच हसायची बाई. वर्षभरानं वर्षाराणीही तेच म्हणू लागेल.

“हा नको, हातवालाच द्या. त्यातले दात काढून टाका,” ती म्हणाली. “हात राहू द्या.”

त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि बोटांवरचे दात पुसले.

दुसऱ्या दिवशी हातकणंगल्यात घरी आण्णांनी फोटो पाटावर ठेवला, आणि समोर बसले.

“दात दिसत न्हाईत की.”

“डोळं बघा, आण्णा.”

ते वाकले. “व्हय. हसतीया.” मग उपरण्याच्या टोकानं काच पुसली. पुन्हा पुसली. “बोटाला काय लागलंय हिच्या? पांढरं?”

वर्षाराणीनं पाहिलं. बोटांच्या पेरांवर ओळीनं, अगदी फिकट. काचेच्या आत.



“पीठ असंल,” आण्णाच म्हणाले. “भाकरी थापता थापता उठून गेली असंल.”

आणि माळ घालताना ती बोटं झाकली जाणार नाहीत, अशी बेतानं घातली.